वीज-गॅस महागला की पर्यावरणाचं भलं होतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की घरगुती वीज आणि गॅसचे दर वाढले की लोक जपून वापरतात, मग पर्यावरणासाठी दरवाढ चांगलीच म्हणायची का? मी सोलापुरात पूर्व भागात वायरिंगची आणि पंखे-मोटारी वाइंडिंगची कामं करतो, एकवीस वर्षं झाली. रोज दोन-चार घरांत जाणं होतं, आणि काम संपलं की घरातलं कोणीतरी लाइटबिल पुढे करतंच, "जरा बघा हो, एवढं कसं आलं?" त्यावरून सांगतो. ज्या घरात दुसरी सोय करायला पैसा आणि जागा आहे, तिथं दरवाढीचा उपयोग होतो. बाकीच्या घरांत तिनं पर्यावरणाचं आणि माणसाचं दोघांचंही नुकसानच होताना मी पाहिलंय.

आधी गॅसचं बोलतो. सिलिंडर अकराशेच्या वर गेला होता, त्या २०२३ च्या उन्हाळ्यात कुंभारीकडच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, एका अक्कांचा पंखा उतरवायला गेलो होतो. उज्ज्वलाची टाकी घरात होती, वर स्वच्छ टॉवेल घालून कोपऱ्यात ठेवलेली. आणि दाराबाहेर तीन विटांची चूल, विटा आतून काळ्याकुट्ट. भात, आमटी, आंघोळीचं पाणी सगळं चुलीवर. गॅस सकाळच्या चहाला आणि पावसात जळण भिजलं तर. "अण्णा, टाकी चार महिने पुरवायची असती," त्या म्हणाल्या. सूप मांडीवर, हात विड्या वळतच होते. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं मिळते, त्यामुळे बोलताना हात थांबवून चालत नाही. शेजारी वेड्या बाभळीच्या फांद्या आणि तुराट्यांचा भारा पडलेला.

कागदावर बघाल तर या घरानं गॅस वाचवला. पण चुलीत लाकडाची जेमतेम दहा-पंधरा टक्के उष्णता भांड्याला लागते, गॅसच्या शेगडीत साठ टक्क्यांच्या वर. मी हिशेब केला तर १४.२ किलोच्या एका टाकीचा स्वयंपाक चुलीवर करायला दीडशे ते दोनशे किलो जळण लागतं. त्याची काजळी आणि धूर कुठल्याच बिलात येत नाही, तो अक्कांच्या आणि नातवंडांच्या छातीत जातो. ही एका घराची गोष्ट नाही. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली, घरोघरी टाकी पोचली, पण देशभरात या घरांची सरासरी वर्षाला चार टाक्यांच्याही जरा खालीच राहिली. अनुदान २०२२ मध्ये २०० रुपये आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये केल्यावर ती थोडी वर सरकली. म्हणजे टाकी स्वस्त झाली की चूल विझते, महाग झाली की पेटते. दरवाढीचं समर्थन करणाऱ्यांनी आधी या चुलीचं उत्तर द्यावं असं मला मनापासून वाटतं.

विजेचं जरा वेगळं आहे, कारण तिथं दर खरोखर काम करतो, फक्त ठरावीक दारांत. महावितरणच्या घरगुती दरात पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० चा दर त्याच्या जवळजवळ दुप्पट, पुढे ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर आणखी चढता. विजापूर रोडच्या एका बंगल्यात महिन्याला साडेचारशे युनिट जायचे, बिल सहा हजारांच्या पुढे. मालकांनी पीएम सूर्यघर या गच्चीवरच्या सोलरला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेतून तीन किलोवॅटचं सोलर बसवलं, ७८ हजार अनुदान मिळालं, आता मीटर उलटही फिरतो. दर चढा नसता तर त्यांनी गच्चीकडे पाहिलंही नसतं, हे ते स्वतःच सांगतात. इथं तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

पण त्याच शहरात साखर पेठेत, कन्ना चौकाच्या मागं एकेका वाड्यात पाच-सहा भाडेकरू राहतात. मीटर एक, मालकाच्या नावावर. आत सब-मीटर. सगळ्यांचे युनिट एकत्र मोजले जातात म्हणून ज्याचा वापर साठ युनिट आहे तोही वरच्या स्लॅबचा दर भरतो. गच्ची त्याची नाही, वायरिंग बदलायचा हक्क त्याचा नाही. तो काय वाचवणार? पत्र्याखालची खोली आणि मे महिन्यातला आपला ४३-४४ अंशांचा पारा. पंखा बंद करून लेकरं झोपत नाहीत.

शिवाय दर वाढतो म्हणजे नेमकं काय वाढतं, हे बिलात बघायला हवं. स्थिर आकार वाढला तर तुम्ही दहा युनिट जाळा की शंभर, तो तेवढाच. मग वाचवायचं कशासाठी? उलट कमी वापरणाऱ्याच्या बिलात त्याचा वाटा जास्त. इंधन समायोजन आकार येतो तो आधीच जळून गेलेल्या कोळशाचा वाढीव खर्च. तो आज भरून मागचा धूर परत येत नाही. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. लोक या सगळ्याला मिळून "रेट वाढला" म्हणतात, पण यातल्या प्रत्येक ओळीचा पर्यावरणाशी संबंध वेगळा आहे आणि बऱ्याच ओळींचा काहीच नाही.

आता पंखा. माझा रोजचा धंदा, म्हणून जरा सविस्तर. साधा छताचा पंखा ७५ वॉटचा. दोनदा वाइंडिंग झालेला, म्हणजे मोटारीची जळालेली तार काढून नवी गुंडाळलेला असेल तर त्याहून जास्तच खातो, हात लावला तर मोटार चटका देते. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटारीचा पंखा फुल स्पीडला तीसच्या आसपास. फरक ४५ वॉट. सोलापुरात पंखा दिवसाला पंधरा तास चालतो, वर्षातले नऊ महिने. म्हणजे महिन्याला २० युनिट, वर्षाला १८०. आपल्या देशात एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे. इथंच फताटेवाडीला एनटीपीसीचं १,३२० मेगावॉटचं केंद्र आहे, कोळसा रेल्वेनं येतो आणि पाणी उजनीचं. तर १८० युनिट म्हणजे सव्वाशे किलो.

एका टाकीच्या गॅसमधून साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एक पंखा बदलला तर वर्षाला तीन टाक्यांएवढा कार्बन वाचतो. अक्कांच्या घरात दोन पंखे आहेत. दोन्ही बदलले तर त्यांच्या वर्षभराच्या गॅसपेक्षा जास्त. ज्या घराला आपण टाकी महाग करून चुलीकडे पाठवतो, त्याच घरात डोक्यावर हा हिशेब गरगरत असतो आणि तिकडे कोणी बघत नाही.

मग लोक बदलत का नाहीत? दर कमी आहे म्हणून नव्हे. वाइंडिंगला तीन-चारशे रुपये लागतात आणि नवा बीएलडीसी अडीच-तीन हजारांचा. ज्याच्या खिशात आज पाचशे आहेत तो वाइंडिंगच करणार. दर आणखी वाढवला तर खिशातले पाचशेचे चारशे होतील आणि तो पंखा आणखी दूर जाईल. एलईडीचं असं झालं नाही. उजाला योजनेत २०१५ पासून सरकारनं एकगठ्ठा खरेदी केली, दिव्यांची किंमत धडाधड उतरली, आणि आज घरकुलातसुद्धा मला साठचा पिवळा बल्ब बदलायला मिळत नाही. त्यासाठी कुणाचं बिल फुगवावं लागलं नाही.

युरोपचा दाखला लोक देतात. २०२२ मध्ये तिकडे गॅस भडकला, वापर खरंच उतरला. पण त्याच वर्षी जर्मनीनं राखीव ठेवलेली कोळशाची केंद्रं पुन्हा चालू केली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियानं २००८ मध्ये कार्बनवर कर लावला तेव्हा तो पैसा करसवलत आणि कमी उत्पन्नाच्या घरांना मदत म्हणून परत दिला, मला ती रीत पटते. आपल्याकडे २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर आला, २०१६ पर्यंत तो ४०० झाला. म्हणजे कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागे साधारण पाव रुपया. पण २०१७ ला जीएसटी आल्यावर हा पैसा राज्यांच्या महसूल भरपाईकडे वळला. तोच पंख्यांना आणि चाळींच्या गच्च्यांवरच्या सोलरला लावला असता तर दरवाढीच्या बाजूनं मीही बोललो असतो.

दुकानात मी आता वाइंडिंगला आलेल्या प्रत्येकाला हा हिशेब कागदावर मांडून देतो. बचत गटातल्या बायकांना पंखा हप्त्यानं देतो, आठवड्याला शंभर रुपये. १०० युनिटच्या वर जाणारं घर असेल तर महिन्याला दोन-अडीचशे बिलातूनच सुटतात, जवळजवळ अर्धा हप्ता त्यातच भागतो. आतापर्यंत एकही हप्ता बुडालेला नाही. अक्कांकडे पहिला पंखा दिवाळीआधी बसवला, दुसरा गेल्या महिन्यात. टाकी आता अडीच-तीन महिन्यांत संपते म्हणतात, भात-आमटी घरात आली. आंघोळीचं पाणी मात्र अजून त्या तीन विटांवरच तापतं.