‘उद्या तुमच्या दारात येईल’ हे वाक्य आधी खोड

अगं,

गरीब देशांतल्या साथींना उशिरा मिळणाऱ्या मदतीवरचा तुझा निबंध मिळून आठवडा झाला, निवांत वाचायला आज वेळ मिळाला, त्यामुळे सॉरी. (उशिरावर लिहिलेल्या निबंधाला उशिरा उत्तर, असो.) चांगला झालाय. आकडे तपासलेले दिसतात, राग पण खरा आहे, कुठून उचललेला वाटत नाही. फक्त शेवटी तू जे बोल्ड करून टाकलंयस ना, ‘आज तिकडे पेटलंय, उद्या तुमच्या दारात येईल, म्हणून श्रीमंत देशांनी आत्ताच मदत करावी’, ते खोड. हे सगळं पत्र त्या एका वाक्याबद्दलच आहे, बाकी सुधारणा किरकोळ आहेत त्या मी मार्जिनमध्ये लिहिल्यात.

मी पण ते वाक्य खूप वापरलंय. मीटिंगमध्ये हमखास चालतं, लोक मोबाईल खाली ठेवून बघायला लागतात. पण त्याचा परिणाम नक्की काय होतो हे कळायला मला बरीच वर्षं लागली, तुला तेवढी लागू नयेत.

२०१४ चा पश्चिम आफ्रिकेतला इबोला घे, तुझ्या निबंधात आहेच पण तू तो दोन ओळींत उरकलायस आणि खरी गोष्ट तारखांमध्ये आहे. गिनीच्या जंगलपट्ट्यातल्या एका खेड्यात डिसेंबर २०१३ मध्ये पहिलं मूल गेलं. मार्च २०१४ मध्ये इबोलाचं निदान पक्कं झालं. त्याच महिन्याच्या शेवटी डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय मदतसंस्थेचे लोक सांगत होते की इतकी पसरलेली साथ आम्ही आधी पाहिली नाही, जूनमध्ये तर त्यांनी सरळ म्हटलं की हे आता हाताबाहेर गेलंय. म्हणजे माहिती नव्हती असं कुणी म्हणू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने (डब्ल्यूएचओ) आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली ८ ऑगस्टला, तोपर्यंत जवळपास हजार माणसं गेली होती. आणि त्याच्या आधीच्या साधारण दोन आठवड्यांत काय घडलं बघ, लायबेरियात काम करणारे दोन अमेरिकन आजारी पडले, पहिल्याला २ ऑगस्टला खास विमानाने अटलांटाला नेलं, जगभरच्या टीव्हीवर ती अँब्युलन्स दिसली. त्यांच्यामुळेच घोषणा झाली असं मी म्हणणार नाही, आणि तूही म्हणू नकोस, कारण त्याच सुमारास इबोला विमानाने नायजेरियातल्या लागोसला पण पोचला होता. पण एक घड्याळ मार्चपासून टिकटिक करत होतं आणि दुसरं ऑगस्टमध्ये सुरू झालं, एवढं तारखांवरूनच दिसतं.

त्यानंतर मात्र पैसा आला, सैन्य आलं. १६ सप्टेंबरला ओबामांनी ३,००० सैनिक पाठवायची घोषणा केली. अमेरिकेने लायबेरियात ११ उपचार केंद्रं बांधली. ती उघडेपर्यंत साथ ओसरायला लागली होती, कारण तिथल्या लोकांनी स्वतःच अंत्यविधी बदलले, आजाऱ्याला वेगळं ठेवायला सुरुवात केली, गल्लोगल्ली पाळत ठेवली. त्या ११ पैकी ९ केंद्रांत इबोलाचा एकही रुग्ण आला नाही. सगळ्या केंद्रांत मिळून २८ रुग्ण. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते हेच, आणि हा झोपा तर कोट्यवधी डॉलरचा होता. गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तिन्ही देशांत मिळून शेवटी ११,३०० च्या वर माणसं गेली.

(जाता जाता एक. सिएरा लिओनचे डॉक्टर शेख उमर खान स्वतः इबोलाने आजारी पडले तेव्हा झेडमॅप हे प्रायोगिक औषध ते जिथे दाखल होते त्याच केंद्रात फ्रीजमध्ये होतं. बरीच चर्चा होऊन ते द्यायचं नाही असं ठरलं, २९ जुलैला ते गेले, आणि काहीच दिवसांत त्या दोन अमेरिकनांना तेच औषध मिळालं. वाचून डोकं फिरतं, माझंही फिरलं होतं. पण निर्णय घेणाऱ्यांची भीती अशी होती की औषधाने काही बरंवाईट झालं तर लोकांचा उरलासुरला विश्वास जाईल. हे उदाहरण वापरलंस तर ही बाजू पण लिही, अर्धी गोष्ट सांगून टाळ्या मिळवायच्या नाहीत.)

आता तू म्हणशील, सर, भीतीने का होईना पैसा आला ना, मग काय बिघडलं?

बिघडलं असं की भीतीवर आलेली मदत भीतीच्याच वेळापत्रकाने चालते. भीती दारात आली की येते, दारातून गेली की जाते. आणि ‘तुमच्या दारात येईल’ या वाक्यात न बोललेलं एक वाक्य दडलेलं असतं, की दारात येणार नसेल तर नाही केलं तरी चालेल. हे मी ओढूनताणून म्हणत नाहीये, हे एकदा चक्क करारात लिहिलं गेलंय. इबोलानंतर जागतिक बँकेने मोठ्या साथींसाठी एक योजना काढली, २०१७ मध्ये ३२ कोटी डॉलरचे बाँड (कर्जरोखे) विकले, गुंतवणूकदारांना भरपूर व्याज, त्यातल्या जास्त जोखमीच्या बाँडवर ११ टक्क्यांहून जास्त, आणि साथ आली की ती रक्कम गरीब देशांना मिळणार. ऐकायला झकास. मग २०१८ मध्ये काँगोच्या पूर्व भागात इबोला आला, तो जवळपास दोन वर्षं चालला आणि २,२०० च्या वर माणसं मेली. बाँडचा पैसा सुटला नाही. का? तर इबोलासाठी अट होती की दुसऱ्या देशातही निदान २० मृत्यू झाले पाहिजेत. शेजारच्या युगांडात मोजकेच रुग्ण पोचले, कारण युगांडाने आधीच तयारी ठेवली होती. म्हणजे साथ सीमेच्या आत अडवण्याचं चांगलं काम झालं म्हणून पैसा नाही! योजनेत रोख पैशाचा एक छोटा भाग वेगळा होता, त्यातून काही मदत गेली, हेही लिही. पण ती अट नीट वाच, ‘दुसऱ्या देशात गेली तरच मोजू’. हे तुझं बोल्ड वाक्यच आहे, फक्त वकिलाने लिहिलेलं.

एमपॉक्सचं (आधीचं नाव मंकीपॉक्स) तर तुला माहीतच आहे. माणसातला पहिला रुग्ण १९७० मध्ये काँगोत सापडला, पुढची पन्नास वर्षं तो ‘तिकडचा’ आजार. २०२२ मध्ये युरोप-अमेरिकेत पसरला तेव्हा लस गोदामात तयार होती, एकट्या अमेरिकेत १२ लाखांच्या आसपास डोस दिले गेले. तिकडचे आकडे उतरले, मे २०२३ मध्ये आणीबाणी संपल्याचं जाहीर झालं. त्याच २०२३ मध्ये काँगोत १४ हजारांच्या वर संशयित रुग्ण आणि सहाशेवर मृत्यू, बहुतेक लहान मुलं. काँगोला लशीची पहिली खेप पोचली ५ सप्टेंबर २०२४ ला. आजार ‘दारात’ येऊनही मूळ घरी काही मिळालं नाही. त्यामुळे भीती चालते हा युक्तिवादसुद्धा अर्धाच खरा आहे, ती स्वतःचं दार बंद करण्यापुरती चालते.

दुसरं एक वाक्य तुझ्या पान ३ वर आहे, ‘तिथली आरोग्यव्यवस्था मदत पेलायला सक्षम नाही’. हे जपून. या वाक्याच्या आड लपून खूप लोक खूप वर्षं हात बांधून बसलेत. २००१ मध्ये एचआयव्हीची औषधं आफ्रिकेत द्यावीत का यावर वाद चालू होता तेव्हा अमेरिकेच्या मदतसंस्थेचा प्रमुख म्हणाला होता की तिकडच्या पुष्कळ लोकांना आपल्यासारखी घड्याळाची वेळ कळत नाही, मग गोळ्या वेळेवर कशा घेणार. त्याच वर्षी सिप्लाने तीन औषधांचा कोर्स वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली, ब्रँडेड औषधांचा खर्च तेव्हा १० हजार डॉलरच्या वर होता. आणि नंतरच्या अभ्यासांत आफ्रिकेतले रुग्ण उत्तर अमेरिकेतल्या रुग्णांपेक्षा जास्त नियमित गोळ्या घेताना दिसले. घड्याळ कुणाला कळत नव्हतं ते तूच ठरव.

आणि नायजेरिया तुझ्या निबंधात अजिबात नाही, हे मला खटकलं. जुलै २०१४ मध्ये लायबेरियाहून आलेला एक रुग्ण लागोसच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. त्याला सोडा म्हणून वरून दबाव होता, डॉक्टर अमेयो अदादेवो यांनी सोडलं नाही. दोन कोटींच्या शहरात तो माणूस बाहेर फिरला असता तर काय झालं असतं याचा विचार पण करवत नाही. अदादेवो बाई स्वतः १९ ऑगस्टला इबोलाने गेल्या. मग पोलिओसाठी उभारलेली यंत्रणा जशीच्या तशी इबोलाकडे वळवली, जवळपास ९०० संपर्क शोधले, १८ हजारांच्या वर घरभेटी. एकूण २० रुग्ण, ८ मृत्यू, ऑक्टोबरमध्ये देश इबोलामुक्त. आधीपासून पगारावर असलेली, रस्ते माहीत असलेली माणसं होती म्हणून हे जमलं. लायबेरिया, गिनी, सिएरा लिओनमध्ये लाख लोकांमागे एक-दोन डॉक्टर होते आणि त्यातलेही साथीत मेले. ‘श्रीमंतांनी लवकर यायला हवं होतं’ आणि ‘तिथे आधीपासून काय असायला हवं होतं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, तू ते मिसळतेस. दुसरा जास्त महत्त्वाचा आहे आणि त्यावर हेडलाइन होत नाही, म्हणून तर तो राहतो.

मग त्या खोडलेल्या वाक्याच्या जागी काय लिहायचं? दया लिहू नकोस, दया तर भीतीपेक्षा लवकर आटते. हिशोब लिही.

इबोलाच्या लशीचं बघ. कॅनडाच्या सरकारी लॅबमध्ये, विनिपेगला, ती तयार झाली, २००५ मध्ये माकडांवर उत्तम चालते हे छापून आलं, आणि मग? बाजार नाही म्हणून जवळपास दहा वर्षं पडून. २०१४ च्या गडबडीनंतर एका मोठ्या औषध कंपनीने तिचे हक्क घेतले आणि २०१५ मध्ये मोठी चाचणी झाली ती गिनीत, रुग्णाच्या आजूबाजूच्या लोकांना टोचून. ज्यांनी दंड पुढे केले ते गिनीचे लोक होते. आज ती लस अमेरिकेच्या राखीव साठ्यातही आहे. म्हणजे चाचणीला माणसं तिकडची, विषाणूचे नमुने तिकडचे, पहिला इशारा तिकडून. हे फुकट मिळालेलं नाही, हे घेतलेलं आहे, आणि घेतल्याचं देणं लागतं.

इंडोनेशियाने हे तोंडावर सांगितलं होतं. २००७ च्या सुमाराला बर्ड फ्लूचे नमुने द्यायचे त्यांनी थांबवले, म्हणाले आमच्या नमुन्यांवर परदेशी कंपनी लस बनवते आणि ती आम्हालाच परवडत नाही. तेव्हा त्यांना किती बेजबाबदार ठरवलं गेलं! पण त्या अडून बसण्यामुळेच २०११ मध्ये फ्लूपुरता नमुने आणि लस यांच्या देवाणघेवाणीचा करार झाला. (जग धोक्यात घालून अडून बसणं बरोबर होतं का? मला अजून पूर्ण पटत नाही. पण विनंतीपत्रांनी ते झालं नसतं हेही दिसतं.) याच्या उलट नोव्हेंबर २०२१, दक्षिण आफ्रिका आणि बोट्स्वानाच्या शास्त्रज्ञांनी ओमिक्रॉन शोधून लगेच जगाला कळवलं, बक्षीस म्हणून एक-दोन दिवसांत विमानं बंद. पुढच्या वेळी कुणी लवकर का सांगावं?

हाच धागा डब्ल्यूएचओच्या मे २०२५ च्या महासाथ करारात आहे. त्यात लिहिलंय की साथीच्या काळात कंपन्यांनी लस-औषधांच्या चालू उत्पादनातला २० टक्के वाटा डब्ल्यूएचओच्या हाती द्यायचं लक्ष्य ठेवावं, त्यातला निदान निम्मा, म्हणजे उत्पादनाच्या १० टक्के, दान म्हणून. पण नमुन्यांच्या बदल्यात हे नक्की कसं चालणार ते परिशिष्ट करार मंजूर करतानाच पुढच्या वाटाघाटींवर ढकललं. घोडं तिथेच पेंड खातंय. तुला खरंच या क्षेत्रात काम करायचं असेल तर हा कंटाळवाणा कागद वाच, एकेका स्वल्पविरामावरून तिथे भांडणं होतात.

आणि हो, श्रीमंत म्हणजे खलनायक असं सरसकट रंगवू नकोस. २०१४ मध्ये क्युबासारख्या गरीब देशाने १६५ डॉक्टर-नर्सेस सिएरा लिओनला पाठवले, आणि मार्च २०२१ च्या शेवटी स्वतःकडे लाट आल्यावर भारतातून कोव्हॅक्स या जागतिक लसवाटप योजनेला जाणारी लस थांबली तेव्हा आफ्रिकेतली लसीकरणं अडली. दार बंद करायची सवय पैशावर ठरत नाही. आपलं उदाहरण गाळून लिहिलंस तर परीक्षक पहिल्यांदा तेच विचारतील.

तर आता असं कर, गिनीतल्या चाचणीवर एक परिच्छेद लिहून सगळ्यात वर घे, बाँडची अट त्याच्या खाली, नायजेरिया मधे कुठेतरी नीट बसव. इबोलाच्या तारखा एका ओळीत कोंबू नकोस, श्वास घेऊ दे त्यांना. शब्दमर्यादा ओलांडली तर प्रस्तावना काप, ती तशीही मला झोप आणणारी वाटली. रविवारपर्यंत नवा ड्राफ्ट पाठव, या वेळी मी लगेच वाचतो.

— सर