तात्या गॅरेजमध्ये का बसायचे

"सगळं बरं चाललंय, आणि त्याचीच भीती वाटते. आता काहीतरी बिनसणार, असं सारखं मनात येतं. काय करू?"

महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येतो. बढती मिळालेली बाई विचारते, मोठ्या आजारातून उठलेला माणूस विचारतो, खूप वर्षांनी दिवस गेलेली मुलगी विचारते. मला अशा वेळी तात्या आठवतात. त्यांची भीती एका बेसबॉल संघापायी होती, त्यामुळे ऐकणाऱ्याला आधी हसू येतं. येऊ दे. (नाव आणि घरचे तपशील अर्थातच बदलले आहेत.)

मी पिट्सबर्गमध्ये समुपदेशन करते. तात्या 1990 साली इथे आले, इंजिनिअर म्हणून. क्रिकेट सुटलं, मग दुधाची तहान ताकावर म्हणून बेसबॉल बघू लागले आणि पिट्सबर्ग पायरेट्सचे कधी झाले ते त्यांनाही कळलं नाही. 2013 च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या मुलीचा फोन आला. "ताई, बाबा मॅच चालू असताना उठून गॅरेजमध्ये जाऊन बसतात. आपण पुढे असलो की हमखास. हरत असलो तर मात्र शेवटपर्यंत बघतात." शिवाय ती आनंदाने ओरडली की तिच्यावर खेकसायचे. घरात दोघंच. दोन आठवडे धड बोलणं नव्हतं.

मुलगी 1993 ची. हे वर्ष लक्षात ठेवा. पायरेट्सच्या पराभवांची रांग त्याच वर्षी सुरू झाली. बेसबॉलच्या एका मोसमात 162 सामने असतात. 82 जिंकले म्हणजे निम्म्याहून जास्त. 1993 पासून 2012 पर्यंत सलग 20 मोसम या संघाला तेवढंही जमलं नव्हतं. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत दुसऱ्या कुठल्याही संघाच्या नावावर असा विक्रम नाही. म्हणजे मुलीने जन्मल्यापासून आपला संघ निम्म्याहून जास्त सामने जिंकताना पाहिलाच नव्हता, आणि आता 2013 मध्ये तो जिंकत होता. बापाला ते सोसवत नव्हतं.

पहिल्या भेटीत मी चूक केली. म्हटलं, "तात्या, यंदाचा संघ वेगळा आहे. मागचं झालं ते झालं." त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि सुरुवात केली. 2011 च्या जुलैमध्ये संघ आपल्या गटात पहिला होता. मग अटलांटात एक सामना नेहमीच्या नऊऐवजी 19 डाव चालला, मध्यरात्र उलटून गेली, आणि अटलांटाचा धावपटू सरळ सरळ बाद असताना अंपायरने त्याला नाबाद दिलं. दुसऱ्या दिवशी लीगनेही चूक झाल्यासारखं दिसतंय म्हणून मान्य केलं. पण निकाल तसाच राहिला, आणि त्या मोसमात संघ 90 सामने हरला. "2012 ला ऑगस्टमध्ये 63 जिंकले होते, 47 हरले होते. शेवटी किती जिंकले? 79. आता बोला."

मी काय बोलणार? आकडे त्यांच्या बाजूने होते. समुपदेशकाने अशिलाशी त्याच्याच विषयात वाद घालू नये, हे पुस्तकात वाचलं होतं, तात्यांनी ते पटवून दिलं.

खरी जखम आणखी जुनी होती. 14 ऑक्टोबर 1992. पुन्हा अटलांटाच. जिंकले तर वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिका. शेवटच्या डावात पायरेट्स 2-0 ने पुढे. अटलांटाने एक धाव काढली. दोन गडी बाद, एक हवा होता. फ्रान्सिस्को काब्रेरा नावाच्या, फारसा न खेळलेल्या खेळाडूने चेंडू डावीकडे मारला; बरोबरीची धाव आली, आणि मागोमाग दुसऱ्या बेसवरून, म्हणजे अर्ध्या वाटेवरून, अटलांटाचा सिड ब्रीम धावत सुटला. गुडघे दुखरे, संथ, त्यात पूर्वी पायरेट्सकडूनच खेळलेला. पायरेट्सचा क्षेत्ररक्षक बॅरी बाँड्स याची फेक किंचित बाजूला पडली. ब्रीम घसरत आत पोचला. 3-2.

"मी टीव्हीसमोर उभा होतो," तात्या म्हणाले. "अजून चेंडू पडायचा होता, आणि मी बायकोला हाक मारून म्हटलं, ये, जिंकलोच आपण."

पत्नीला तेव्हा दिवस गेले होते. ती 2008 साली गेली. तिच्या आजारातही मधे सहा महिने रिपोर्ट चांगले आले होते, हे त्यांनी तिसऱ्या भेटीत सांगितलं, तेही खिडकीबाहेर बघत.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे आपण सगळेच म्हणतो. तात्या फुंकतच बसले होते, ताक प्यायचं राहून जात होतं. त्यांच्या मते हा शहाणपणा होता: वाईटच धरून चाला, म्हणजे लागत नाही. मानसशास्त्रात याला बचावात्मक निराशावाद म्हणतात. ज्युली नोरेम यांनी त्यावर बरंच काम केलंय, आणि तो दरवेळी वाईट नसतो. नापास होईन या भीतीने जास्त अभ्यास करणाऱ्या मुलाला तो उपयोगीच पडतो. पण त्या मुलाच्या हातात पुस्तक असतं. तात्यांच्या हातात रिमोट होता. त्यांच्या काळजीने कुणाचा चेंडू वळणार नव्हता.

आणखी एक गोष्ट माझ्या कानाला खटकली. रॉबर्ट चाल्डिनी यांचा 1976 चा एक गाजलेला अभ्यास आहे: कॉलेजचा संघ जिंकला की विद्यार्थी 'आपण जिंकलो' म्हणतात, हरला की 'ते हरले'. तात्यांचं उलटं होतं. "ते जिंकले काल." "आपण हरलो परवा." पराभवात पुरी भागीदारी, विजयात शून्य! मी हे त्यांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा मोकळेपणी हसले.

मी त्यांना आशावादी व्हायला सांगितलं नाही. एक वही ठेवायला सांगितली. सामन्याआधी अंदाज, संपल्यावर किती लागलं त्याला दहापैकी गुण, आणि नंतर काय केलं. इंजिनिअर माणूस, पट्टीने रेघा आखून आणल्या.

3 सप्टेंबरला मिलवॉकीत 81 वा विजय झाला. आता एकच हवा होता, आणि संघ लागोपाठ चार सामने हरला. तात्यांनी चारही वेळा 'हरणार' लिहिलं होतं. अंदाज शंभर टक्के बरोबर, आणि लागल्याचे गुण: सात, आठ, आठ, नऊ. मी वही त्यांच्यासमोर ठेवली. ते बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे हप्ते भरले, विमा मिळालाच नाही," ते म्हणाले. हे वाक्य मी त्यानंतर कितीतरी अशिलांपुढे वापरलंय. उसनं आहे, हे सांगून.

9 सप्टेंबरला टेक्ससमध्ये 1-0 ने 82 वा विजय मिळाला. तात्या तेव्हा गॅरेजमध्येच होते. पण दार उघडं होतं म्हणे.

1 ऑक्टोबरला, 21 वर्षांनी, पिट्सबर्गात बाद फेरीचा सामना झाला. मुलीने तिकिटं काढली. नदीकाठच्या त्या मैदानावर चाळीस हजारांवर माणसं, बहुतेक सगळी काळ्या कपड्यांत. समोर सिनसिनाटीचा संघ, त्यांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जॉनी क्वेटो, आणि अख्खं मैदान त्याच्या नावाचा हेल काढून ओरडतंय. दुसऱ्या डावात त्याच्या हातून चेंडू निसटून खाली पडला, आणि पुढच्याच चेंडूवर पायरेट्सच्या रसेल मार्टिनने होम रन मारला, आपल्या षटकारासारखा. पुढे आघाडी वाढत गेली तसे तात्या दोनदा जिन्याकडे जायला उठले. दोन्ही वेळा मुलीने जॅकेटची बाही धरून खाली बसवलं. 6-2.

पुढची फेरी सेंट लुइसविरुद्ध. 9 ऑक्टोबरला पाचव्या आणि शेवटच्या सामन्यात पायरेट्स 6-1 ने हरले आणि मोसम संपला. त्या आठवड्यात तात्या वही घेऊन आले. त्या दिवशीचा अंदाज: 'हरणार'. लागलं: नऊ. शेवटच्या रकान्यात आधीच्या प्रत्येक पराभवापुढे 'झोपलो' एवढंच होतं. या ओळीत लिहिलं होतं: 'पोहे केले. ती पण जागी होती. दोन वाजेपर्यंत मार्टिनबद्दल बोलत बसलो.'