जुनी बिल्डिंग, नवे शेजारी

प्रश्न: आमच्या भागात एक जुनं हॉटेल कित्येक वर्षं बंद पडलंय, हेरिटेज यादीत आहे म्हणून पाडताही येत नाही. आता तिथे सपोर्टेड हाउसिंग करणार म्हणे, म्हणजे बेघर राहिलेले, मानसिक आजारातून सावरणारे, एकटे म्हातारे असे लोक राहणार आणि मदतीला स्टाफ असणार. माझा विरोध नाही हो, पण आम्हा शेजाऱ्यांना यातून काय मिळणार? सगळे म्हणतायत फ्लॅटचे भाव पडतील.

उत्तर: भावाचंच आधी घेऊ, कारण मीटिंगमध्ये बाकी सगळं बोलून झालं की गाडी तिथेच येते. न्यूयॉर्कमध्ये फरमन सेंटर या तिथल्या विद्यापीठाच्या संशोधन केंद्राने २००८ मध्ये अशा १२३ इमारतींच्या आजूबाजूचे भाव तपासले. पाचशे फुटांच्या आतली घरं, म्हणजे अगदी खेटून असलेली, त्यांचे भाव नंतरच्या पाच वर्षांत त्याच भागातल्या बाकीच्या घरांच्या तुलनेत चढतच गेले. थोड्या लांबच्या घरांचे सुरुवातीला जरा उतरले, मग तेही सावरले. आणि असं बघा, बंद बिल्डिंग शेजारी असताना तुमचा भाव काय वाढत होता का?

आता एक गोष्ट सांगतो, माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. न्यूयॉर्कचंच प्रिन्स जॉर्ज हॉटेल, १९०४ चं. १९८० च्या दशकात तिथे बेघर कुटुंबं नुसती कोंबून ठेवली होती, ना कोणी बघायला ना विचारायला, हालत इतकी वाईट झाली की शेवटी बंदच करावं लागलं. तीच बिल्डिंग १९९९ मध्ये ४१६ छोटी घरं करून पुन्हा उघडली, प्रत्येकाला स्वतःची खोली, स्वतःची किल्ली, आणि सोशल वर्कर त्याच बिल्डिंगमध्ये बसलेला. भिंती त्याच, राहायला बेघर राहिलेले लोकही, पण यावेळी चाललं. तिथली जुनी बॉलरूम, म्हणजे नाचाचा मोठा हॉल, तीही नंतर दुरुस्त केली, ती आता कार्यक्रमांना भाड्याने देतात. म्हणजे नक्षीचं छत वाचलं, ते बाहेरच्यांनाही बघायला मिळतं आणि वर उत्पन्न.

टाइम्स स्क्वेअर हॉटेलचंही तसंच, ६५२ घरं, पण सगळी बेघरांना नाही दिली, बरीचशी कमी पगारात नोकरी करणाऱ्यांना दिली. ही मिसळ मला फार शहाणपणाची वाटते, बिल्डिंगवर 'त्यांची' असा शिक्का बसत नाही.

प्रश्न: जुन्यात जिने, जाड भिंती, लिफ्ट नाही. नवीन बांधणं स्वस्त नाही का पडणार?

उत्तर: कधीकधी पडतं, खोटं कशाला बोलू. गोदामासारखी खोल, मधे उजेडच न पोचणारी बिल्डिंग असेल तर नाद सोडलेला बरा. पण हॉटेल, हॉस्पिटल, मठ यांच्यात पॅसेज आणि खिडकीवाल्या खोल्या आधीच असतात, अर्धा प्लॅन तयारच. लिफ्ट मागच्या बाजूला घालायची, मुख्य जिन्याला हात लावायचा नाही, पार्टिशन अशी की उद्या काढली तर मूळ प्लास्टर शाबूत. वायरिंग, प्लंबिंग आणि फायर एक्झिट मात्र खर्च खातात. दुरुस्तीत मालापेक्षा मजुरीचा वाटा मोठा, तो पैसा गवंडी-सुतारांच्या हातात जातो. अमेरिकेत अशा कामाच्या मान्य खर्चावर २० टक्के टॅक्स क्रेडिटही मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम भरायच्या करातून वजा होते.

आणि ही काही नवी टूम नाही. लंडनचं चार्टरहाउस १३७१ मध्ये मठ म्हणून सुरू झालं, १६११ मध्ये थॉमस सटन नावाच्या धनिकाच्या पैशातून तिथे गरजू म्हाताऱ्यांची सोय झाली, आजही तिथे वयस्कर लोक राहतात. माणसं राहतात म्हणून कौल फुटला की त्याच आठवड्यात कळतं, रिकाम्या बिल्डिंगमध्ये झाड उगवल्यावर कळतं.

तेव्हा मीटिंगला जाल तर भाव बाजूला ठेवा आणि दोनच गोष्टी लेखी मागा: रात्री दोन वाजता डेस्कवर कोण असणार, आणि हॉटेलचा खालचा हॉल आम्हा शेजाऱ्यांना वापरायला कोणत्या दिवशी मिळणार.