मायरा नंतर, आधी बिली

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी पटकथा दोनदा वाचली. पहिल्यांदा रात्री, सलग. दुसऱ्यांदा सकाळी, हातात पेन्सिल घेऊन. मावशीचं घर, ओटीवर ताटकळलेल्या बायका, पदराला बांधून आणलेले सुटे पैसे, हे तू जवळून पाहिलेलं आहेस हे प्रत्येक ओळीत कळतं. आठव्या पानावर मात्र दिवे फुटायला लागतात, दारं आपोआप आपटतात आणि मावशी डोळे मिटून हरवलेल्या मुलाचा ठावठिकाणा सांगून मोकळी होते. तिथून पुढे माझी भीती संपली. तिच्याकडे शक्ती आहे हे एकदा पक्कं झालं की ती आता काय करून दाखवते एवढंच बघायचं उरतं. माझा जीव टांगणीला लागत नाही.

म्हणून तुला एक जुना ब्रिटिश सिनेमा बघायला सांगतो. ‘सेआन्स ऑन अ वेट आफ्टरनून’, १९६४ सालचा, कृष्णधवल. दिग्दर्शक आणि पटकथाकार ब्रायन फोर्ब्स. मूळ कादंबरी मार्क मॅकशेन यांची. सेआन्स म्हणजे मृतांशी बोलण्यासाठी भरवलेली बैठक, आपल्याकडच्या प्लँचेटच्या नात्यातली. अतींद्रिय शक्तीवरचे कितीतरी रहस्यपट मी पाहिले, पण हा मनातून जात नाही. संपूर्ण सिनेमात एकही वस्तू हवेत उडत नाही.

मायरा सॅव्हेज ही लंडनच्या उपनगरात राहणारी बाई. घरी बैठका भरवते. चार माणसं येतात, हात धरून टेबलाभोवती बसतात, निघून जातात. तिला वाटतं, आपल्यात खरी शक्ती आहे आणि जगाला तिची किंमत नाही. मग ती बेत आखते: एका श्रीमंत घरातली लहान मुलगी पळवायची, खंडणी मागायची आणि नंतर स्वतःच जाऊन मुलीचा पत्ता ‘दिव्यदृष्टीने’ सांगायचा. मुलगी सुखरूप परत, पैसे परत, आणि मायराचं नाव सगळीकडे. तिला पैसा नको आहे. आपल्यावर लोकांनी विश्वास ठेवावा, एवढीच तिची भूक आहे. तुझ्या मावशीला काय हवंय, हे पटकथेत मला कुठेच सापडलं नाही. ती करते खूप, मागत काहीच नाही.

आता बारकाईने बघायचा भाग. मुलीला ठेवायला मायरा आणि तिचा नवरा घरातलीच एक खोली इस्पितळासारखी सजवतात. तू आजारी आहेस असं मुलीला सांगतात, मायरा परिचारिकेचा वेश करून तिच्यासमोर जाते. मुलगी चुणचुणीत आहे, प्रश्न विचारते. खोटं इतक्या निगुतीने उभं केलेलं पाहताना पोटात गोळा येतो, कारण हे करणारी बाई एरवी अगदी मृदू बोलते. भीती कुठून आली बघ: परिचारिकेचा एक वेश आणि शांत आवाज. पुढे मुलीची आई मायराच्या बैठकीला येऊन बसते, आणि तिचं लेकरू त्याच घरात आहे. हे आपल्याला ठाऊक आहे, तिला नाही. या एका प्रसंगासमोर तुझे फुटणारे सगळे दिवे फिके आहेत, हे मी तुला मनापासून सांगतो.

आणि बिली. बिली हा मायराचा नवरा. ही भूमिका रिचर्ड ॲटनबरो यांनी केली. तेच ॲटनबरो, ज्यांनी पुढे १९८२ साली ‘गांधी’ केला आणि आपल्या रोहिणी हट्टंगडींना कस्तुरबा दिली. इथे ते निर्मातेही आहेत. खोटं नाक लावून, खांदे पाडून वावरणारा हा माणूस स्वतःचं अस्तित्वच पुसून टाकतो. बिलीला बेत पटलेला नाही. तरी मुलीला तोच पळवून आणतो, खंडणी घ्यायला तोच जातो. लंडनच्या भर गर्दीतल्या त्या खंडणीच्या प्रसंगाचं चित्रण लपवलेल्या कॅमेऱ्यांनी केलं होतं. आजूबाजूची माणसं खरी आहेत, त्यांना काही माहीत नाही. त्या गर्दीत बिलीचा चेहरा बघ. गुन्हा करणाऱ्या माणसाची आपल्याला काळजी वाटायला लागते.

तो हे का करतो? त्यांना एक मुलगा झाला होता, आर्थर. तो जन्मतःच मृत होता. मायरा मात्र आर्थरशी बोलते, आर्थर तिला वाट दाखवतो. बिलीने तिचं हे बोलणं वर्षानुवर्षं खोडून काढलं नाही. ते खोडलं तर बायको उरणार नाही, ही भीती त्याला आहे. मला विचारशील तर सिनेमाचं खरं रहस्य या नवराबायकोच्या मौनात आहे. मुलगी सापडेल का, हे त्यानंतरचं.

शेवट सांगून टाकतो, कारण तुला तो लिहिणारीच्या नजरेने बघायचा आहे. मुलगी आर्थरकडे जावी, असं मायराच्या मनात येतं. म्हणजे तिने मरावं. बिली तिचं सगळं ऐकत आलाय, हे ऐकत नाही. मुलगी कुणाच्या तरी नजरेस पडेल अशा जागी तो तिला जिवंत सोडून येतो. नंतर पोलीस येतात आणि मायराला बैठक घ्यायला सांगतात. तंद्रीत गेलेल्या मायराच्या तोंडून सगळं बाहेर पडतं. किम स्टॅन्ली ही रंगभूमीवरची मोठी अमेरिकन अभिनेत्री, सिनेमे फार थोडे केलेली. या भूमिकेसाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. त्या शेवटच्या बैठकीत तिच्यात खरंच काही संचारलंय की तिचं मन मोडलंय, हे फोर्ब्स सांगत नाहीत. मी कितीदा तरी पाहिलं, अजून ठरवू शकलो नाही.

एक गोष्ट तुझ्या कामाची आहे. ब्रिटनमध्ये १९५१ साली फसव्या ‘माध्यमां’विरुद्ध, म्हणजे मृतांशी बोलतो असं भासवणाऱ्या माणसांविरुद्ध, कायदा झाला. त्याआधी १७३५ चा जादूटोण्याचा कायदा होता, आणि त्याखाली हेलन डंकन या माध्यम बाईला १९४४ मध्ये, ऐन महायुद्धात, तुरुंगात धाडलं होतं. नव्या कायद्यात प्रश्न फसवण्याच्या हेतूचा होता. म्हणजे मायरासारखी बाई न्यायालयापुढे आली असती, तर आधी विचारावं लागलं असतं: तुझा स्वतःचा यावर विश्वास आहे का? तुझ्या मावशीला हा प्रश्न विचार. आपल्याकडेही २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तुझी गोष्ट आजची आहे; गावातला कुणीतरी ते नाव काढणारच. पण फौजदार आणून तिला उघडं पाडण्याची घाई करू नकोस. ती लबाड आहे असं तू ठरवलंस तरी गोष्ट तिथेच थांबते, दिवे फोडलेस तेव्हा थांबली तशीच.

तुझ्या मावशीचा नवरा अख्ख्या पटकथेत दोनदा येतो. एकदा चहाचं आधण ठेवतो, एकदा बायकांच्या चपला ओळीत लावतो. पेन्सिलने मी त्या दोन ओळींखाली रेघ मारली आहे. त्याला काय माहीत आहे? लोक गेल्यावर, ताटातले पैसे मोजताना, तो मावशीशी काय बोलतो आणि काय बोलायचं टाळतो? आठव्या पानापासून पुढचं सगळं बाजूला ठेव. आधी फक्त ती पैसे मोजण्याची वेळ लिही. तीन पानं पुरेत, संवाद कमी. दिवा एकच, आणि तो फुटू देऊ नकोस.

सिनेमा रात्री बघ, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. जॉन बॅरींच्या संगीताकडे दुसऱ्या खेपेला लक्ष दे, पहिल्यांदा नको. तीन पानं झाली की टपालाने पाठव, छापून. पडद्यावर वाचलेलं मला कळत नाही.

तुझा,
काका