दिव्यांग मुलांच्या बसमध्ये मदतनीस म्हणून नव्याने रुजू होताय?

पहिल्या दिवशी मुलांची नावं पाठ झाली नाहीत तरी चालेल, पण व्हीलचेअर बांधता आलीच पाहिजे. तिचं तोंड गाडीच्या पुढच्या दिशेने हवं, आडवं नाही. चार पट्टे, दोन पुढून, दोन मागून, आणि तेही खुर्चीच्या पक्क्या सांगाड्याला. चाकाला किंवा पाय ठेवायच्या पट्टीला अडकवलं तर जोराच्या धक्क्यात तो भाग निखळून हातात येतो. बांधल्यावर खुर्ची गदागदा हलवून बघा. तिचे ब्रेक लावलेत म्हणून पट्टे टाळायचे नाहीत. ड्रायव्हर उशीर झाला म्हणून कुरकुरेल, कुरकुरू दे!

हे झालं खुर्चीचं. मुलाचा सीटबेल्ट वेगळा. तो पोटावर नव्हे, खाली कमरेच्या हाडांवर टेकला पाहिजे, आणि हात ठेवायच्या दांड्यांवरून नाही, आतून गेला पाहिजे. खुर्चीचा स्वतःचा छातीपट्टा मुलाला सरळ बसवण्यापुरता असतो. अपघातात त्याचा भरवसा धरू नका. खुर्चीला लावलेला ट्रे काढून बाजूला नीट बांधून ठेवा.

फिट येणारं मूल असेल तर पालकांकडून लेखी सूचना घ्या: फिट कशी दिसते, कधी काय करायचं. ५ मिनिटांपलीकडे लांबली तर थेट रुग्णवाहिका.

फेरी संपली की रोज शेवटच्या सीटपर्यंत चालत जा, सीटखालीही वाकून बघा. झोपलेलं किंवा न बोलणारं मूल हाकेला ओ देत नाही.