घर सोडताना : पूर्वसूचना, अनामत आणि थकलेले वीजबिल

प्रश्न : कोथरूडमध्ये मी ११ महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर राहत होतो. भाडे दरमहा १८,००० रुपये आणि अनामत ६०,००० रुपये होती. लॉक-इन मुदत (ज्या काळात घर सोडता येत नाही) संपल्यावर, करारानुसार एक महिन्याची पूर्वसूचना मी १० मार्चला व्हॉट्सॲपवर दिली. मालकांनी ‘ठीक आहे’ असे उत्तर दिले आणि १० एप्रिलला चाव्या घेतल्या. आता सूचना एक तारखेपासूनच धरतात असे सांगून त्यांनी एप्रिलचे पूर्ण भाडे आणि ९,४०० रुपयांचे वीजबिल कापले व ३२,६०० रुपयेच परत केले. बिलातील ६,२०० रुपये मागील थकबाकी आहे. पण बिलाची रक्कम मी दरमहा त्यांना यूपीआयने पाठवत होतो. — एक वाचक, पुणे

उत्तर : प्रथम करारातील पूर्वसूचनेचे कलम शब्दशः वाचावे. तेथे ‘एक महिन्याची लेखी सूचना’ एवढेच म्हटले असेल, तर ती दिल्या तारखेपासून मोजली जाईल आणि आपला महिना १० एप्रिलला पूर्ण झाला. एक तारखेचा आग्रह बहुधा मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या जुन्या कलम १०६ वरून आला असावा. त्यात सूचनेची मुदत भाडेमहिन्याच्या अखेरीस संपावी अशी अपेक्षा होती. २००२ च्या दुरुस्तीनंतर अशा कारणावरून सूचना अवैध ठरत नाही, आणि मुळात ते कलम भाडेपट्ट्याला लागू आहे, आपल्यासारख्या परवाना (लिव्ह अँड लायसन्स) कराराला नाही. सूचना रजिस्टर्ड पोस्टानेच द्यावी अशी अट करारात असल्यास मालक तिच्यावर बोट ठेवतील. तरीही त्यांचे उत्तर आणि विनातक्रार घेतलेल्या चाव्या आपल्या बाजूने बोलतात.

वीजबिलाबाबत दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. महावितरणच्या दृष्टीने ग्राहक मीटरधारक, म्हणजे मालकच, त्यामुळे थकबाकीची मागणी त्यांच्याकडेच येणार. आपापसातील हिशेबात मात्र वापरलेल्या विजेचे पैसे आपण द्यायचे, आणि ते आपण दिले आहेत. मालकांनी ते पुढे भरले नसतील तर तीच रक्कम, किंवा तिच्यावर चढलेले व्याज, अनामतीतून दुसऱ्यांदा वसूल करणे सरळ अन्यायाचे आहे. बँकेच्या नोंदींवर प्रत्येक महिन्याच्या बिलाची रक्कम जुळवून घ्यावी. उरलेल्या ३,२०० रुपयांतील १० एप्रिलपर्यंतचा वापर तेवढा आपला. चाव्या देतानाच्या मीटर रीडिंगचा फोटो असेल तर बिलावरील मागील व चालू रीडिंगवरून तो नेमका काढता येईल.

एप्रिलच्या दहा दिवसांचे ६,००० आणि, फोटो नसल्यास, पूर्ण ३,२०० रुपये वजा केले तरी ५०,८०० रुपये परत मिळायला हवेत. म्हणजे आणखी १८,२०० रुपये. हा हिशेब मांडून स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह मागणीपत्र पाठवावे आणि पंधरा दिवसांची मुदत द्यावी. पोलीस या दिवाणी वादाचा निवाडा करणार नाहीत. भाडे नियंत्रण कायद्याखालील सक्षम प्राधिकाऱ्याकडे मालक घराच्या ताब्यासाठी जातात, अनामतीसाठी तो मार्ग नाही. दिवाणी दाव्याची मुदत साधारणतः तीन वर्षे असते, पण एवढ्या रकमेसाठी वकिलाच्या एका नोटिशीने काम होण्याची शक्यता अधिक.

प्रश्न : करार संपूनही राहणारा जागा सोडत नाही आणि बिलही भरत नाही. वीज तोडून कुलूप बदलू का? — एक घरमालक, ठाणे

उत्तर : दोन्ही करू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करता येतो, आणि जागा न सोडणारा करारातील शुल्काच्या (म्हणजे भाड्याच्या) दुप्पट दराने भरपाई देण्यास बांधील असतो. तोवर वीजबिल आपणच भरून पावत्या जपाव्यात. ती रक्कम करारातील अटीनुसार अनामतीतून वळती करता येईल. बिल थकल्यास महावितरण पंधरा दिवसांची नोटीस देऊन पुरवठा तोडू शकते, आणि ती थकबाकी आपल्याच नावावर राहील.