गोव्यातला पहिला पावसाळा आणि भाड्याचं घर

चपलांवर हिरवट बुरशी आली म्हणून घाबरू नका, इथे पहिल्या पावसाळ्यात सगळ्यांचं हेच होतं. सध्या एवढंच सांभाळा:

- कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. मी सोडली नव्हती. चतुर्थीला सिल्कचा कुर्ता काढला, तर पाठभर पांढरे ठिपके!
- कपडे आत वाळवायचेच असतील तर एकाच खोलीत, दार लावून, खिडकी किलकिली ठेवून पंख्याखाली. एसी असेल तर खिडकी बंद आणि ड्राय मोड.
- बुरशी कोरडी झाडू नका, घरभर उडते. साबणाच्या पाण्याने पुसा, मग खडखडीत वाळवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अ‍ॅसिड कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो.

नवखे हमखास करतात ती चूक म्हणजे वरून रंग मारणं. ओल तशीच राहते, थोड्याच दिवसांत पोपडे. चिऱ्याच्या जुन्या भिंतीत जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत ओला पट्टा दिसला, तर ती खालून चढणारी ओल. कौलांखाली डाग असेल तर गळती. दोन्ही कामं सहसा घरमालकाची. आजच फोटो काढून त्यांना व्हॉट्सअ‍ॅप करा, डिपॉझिट परत घेताना उपयोगी पडतील.

डीह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा शोषणारं यंत्र) घ्यायचं का, ते नंतर बघू.